डबा रेल्वेचा, पिशवी आपली

चुडाव्यात एक म्हातारा होता. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं हे छोटं स्टेशन. म्हाताऱ्याने जन्मभर बैलगाडी हाकली होती. आता गाडी गोठ्यामागं पडून होती, आणि त्याची नात रोज सकाळच्या पॅसेंजरने नांदेडला कॉम्प्युटर शिकायला जात होती.

गावातल्या शेतकरी गटाचा हिशेब नातीने वहीतून कॉम्प्युटरवर आणला होता. कुणी किती सोयाबीन घातलं, कुणाची तूर किती, कुणाचे पैसे बाकी, सगळं एका जुन्या मशीनमध्ये. मशीन गटाच्या खोलीत, पत्र्याखाली. व्होल्टेज उतरलं की ते बंद पडे, धूळ बसली की घरघर करी. मग नात झाकण उघडून ब्रशने त्याचा पंखा साफ करी. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, रात्रभर विजा कडाडल्या. सकाळी मशीनमधून जळका वास आला. हिशेब गेला. नातीने चार दिवस बसून पावत्यांवरून तो पुन्हा लिहून काढला.

म्हातारा म्हणाला, “घरची गाडी, घरचे बैल. पोळ्याला मान बी आपला, आन् बैल बसला तर खोळंबा बी आपलाच.”

त्याच आठवड्यात वर्गात सरांनी क्लाऊड शिकवला. म्हणाले, हा ढग आभाळात नसतो. मुंबईत, पुण्यात मोठ्या इमारतींमध्ये मशीनच्या रांगाच्या रांगा असतात. त्यांना रात्रंदिवस वीज लागते, गार हवा लागते. त्या मशीनचं बळ आपण इंटरनेटवरून भाड्याने घ्यायचं. अमेझॉनने 2006 साली अशी तासाच्या हिशेबाने मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि 2016 पासून तिची यंत्रं मुंबईतही आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2011 मध्ये या भाड्याचे तीन प्रकार लिहून ठेवले : इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर. नातीने तिन्ही शब्द वहीत उतरवले. पाठ झाले, कळले नाहीत.

तिने पहिला प्रकार घेतला. भाड्याने मशीन मिळालं. ते कुठल्या इमारतीत आहे ते दिसत नव्हतं, पण विजेने जळायची भीती गेली. मशीन मात्र कोरं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम तिनेच निवडली, डेटाबेस तिनेच बसवला, कुलूपही तिनेच लावलं. मग परीक्षा आली आणि ती मशीन बंद करायला विसरली. महिनाअखेरीला बिल आलं. नात ते हातात धरून ओट्यावर बसून राहिली.

“काय झालं माय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“आबा, मी वापरलंच नाही, तरी पैसे लागले.”

“रिकामी गाडी भाड्यानं आणली व्हतीस ना? बैल दावणीला बांधून ठिवले तरी मालक दिवस मोजतो. आन् हाकायचं तुलाच व्हतं.”

नातीने दुसरा प्रकार घेतला. इथे ऑपरेटिंग सिस्टिम तयार, डेटाबेस तयार. तिने आपला प्रोग्रॅम तेवढा नेऊन ठेवायचा. सुगीत सगळा गट एकदम हिशेब बघायला लागला, तरी तो अडला नाही. मशीनचं बळ लागेल तसं आपोआप वाढत गेलं. पण तिचा जुना प्रोग्रॅम तिथे जसाच्या तसा चालेना. तिथल्या पद्धतीत बसवायला तिला दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या.

म्हाताऱ्याने ऐकलं आणि मान डोलावली. “गाडी त्याची, गाडीवान त्याचा, पोती तुझी. मंग त्याच्या गाडीत मावतील अशीच पोती भरावी लागतात.”

पुढे नातीची शेवटच्या वर्षाची गडबड सुरू झाली. प्रोग्रॅमकडे बघायला कुणी उरलं नाही. तेव्हा गटाने तिसरा प्रकार घेतला : मोबाइलवर उघडणारा तयार तक्ता. बसवायचं काही नाही, दुरुस्त करायचं काही नाही. जीमेल सगळे वापरतच होते, तेही याच जातीचं. उघडायचं, लिहायचं, मिटायचं. सगळ्यांसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला. कुणी विसरू नये म्हणून तो वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिला.

एक दिवस एका शेतकऱ्याची तीन क्विंटल तूर तक्त्यात दोन क्विंटल झाली. जुनी पावती निघाली तेव्हा चूक कळली. कुणी केली, ते मात्र कळेना, कारण सगळे एकाच नावाने आत जात होते. हाताची चूक असेल किंवा मनाची. दोन घरांचं बोलणं बंद झालं. नातीने तक्ता देणाऱ्या कंपनीला दोष दिला. पण कंपनीचं सगळं धडधाकट होतं.

त्या आठवड्यात म्हाताऱ्याचे डोळे दाखवायचे होते. दोघं पॅसेंजरने नांदेडला निघाली. म्हाताऱ्याने कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि तिचा बंद मनगटाला गुंडाळला.

“आबा, वर ठेवा की. जागा आहे.”

“असू दे.”

गाडी हलली. म्हातारा खिडकीतून बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, डबा बी तिचाच. येळंवर आली न् आली, ते बी तिच्याच हाती. म्या निस्तं तिकीट काढलं. पर पिशवी माझी हाय, माय. तिच्यात काय हाय आन् ती कोण उघडील, ते म्याच बघायचं.”

नात गप्प झाली. लिंबगाव आलं, गेलं. तिने वही काढली आणि त्या जुन्या तीन शब्दांखाली एकेक रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला लिहिलं, त्यांनी काय सांभाळायचं. दुसऱ्या बाजूला, मी काय सांभाळायचं.

रेघ दर शब्दाला सरकत होती. पहिल्यात तिच्याकडचं काम पुष्कळ होतं, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात अगदी थोडं. पण माहिती कुणाची आणि ती कुणी उघडायची, या दोन गोष्टी तिन्ही वेळा तिच्याच बाजूला राहिल्या. भाडं कितीही भरलं तरी त्या पलीकडे जात नव्हत्या. भाड्याच्या सोयीत माणूस फसतो तो इथेच. हातातलं ओझं कमी झालं की मनगटावरचा बंदही सैल होतो.

संध्याकाळी दोघं परत आली. म्हातारा घरी गेला. नात गटाच्या खोलीत गेली आणि एकेकाला बोलावून प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड करून दिला. बोलणं बंद झालेली दोन्ही माणसं आली. आपापला मोबाइल पुढे करून एकाच बाकावर बसली.

सगळे गेल्यावर तिने ओलं फडकं घेतलं आणि वजनकाट्याशेजारची भिंत पुसून काढली.