सुटून येणाऱ्यांसाठी

हे भरत-रामा, पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांच्या परंधाम आश्रमाच्या जमिनीत खणताना तू भरतभेटीच्या शिल्परूपात सापडलास. म्हणून हे मागणं तुझ्यापाशीच मांडतो.

महिना-दोन महिने तुरुंगात राहून येणाऱ्यांकडे बघ, रामा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. कुणी मोहाची गाळताना, कुणी बाटल्या वाहताना सापडतो. जामीन मंजूर होतो, पण जामीनदाराचा सातबारा नाहीतर पगारपत्रक लागतं. ज्याच्या नात्यागोत्यात कुणाच्याच नावे वावर नाही, तो कोर्टाने सोडूनही आतच राहतो. पवनारातूनच विनोबा १९५१ साली पायी निघाले आणि वाटेत भूदान सुरू झालं. भूमिहीनाची परवड अजून सरली नाही, देवा.

महिनाभरात काय मोडतं ते तुला ठाऊक आहे, तरी बोलू दे. वेचणीच्या दिवसांत मजूर आत गेला की हंगामाची मजुरी गेली. मुकादम दुसरा माणूस घेतो. बायकोचा बचत गटाचा हप्ता थकतो, पोरगं शाळेला जायला लाजतं. आणि आत इतक्या थोड्या दिवसांत कुठलं काम शिकणार? पुढची सोय कोण विचारणार? कागदपत्रं हलतात तोवर माणूस फाटकाबाहेर उभा असतो, खिशात बसभाडंही नसतं.

२०२३ मध्ये जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. ती बराकीपर्यंत पोचू दे. त्या योजनेच्या जिल्हा समितीपुढे अशा माणसाचं प्रकरण ठेवणाऱ्याच्या हाताला उसंत आणि मनाला कणव दे.

१९४० च्या ऑक्टोबरात विनोबांनी याच पवनारात युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. चार दिवसांत अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या कैदेचा आम्हाला अभिमान आहे. दारूच्या केसमधली कैद तशी नव्हे, हे आम्ही जाणतो. दारूने उठवलेली घरंही आम्ही पाहिली आहेत. पण कैद भोगून आलेल्याला आम्ही दारात पुन्हा शिक्षा देतो, ते तुला रुचत नसणार. तू वनवासातून परतलास तेव्हा भरताने राज्य तुझ्या स्वाधीन केलं. आम्हाला तर सुटून आलेल्याला फक्त त्याची जुनी मजुरी परत द्यायची आहे. तेवढं मन आम्हाला दे.

मुकादमाला त्याचं नाव यादीत पुन्हा घालू दे. दारूचा धंदा सोडते म्हणणाऱ्या बाईला पहिल्या महिन्याचा किराणा उधार मिळू दे. रेशनच्या रांगेत तिला कुणी टोचून बोललं, तर तिथेच थांबवणारा एक तरी आमच्यातून उभा कर. आणि तारखेच्या दिवशी वर्ध्याच्या कोर्टात त्याच्यासोबत जायला आमच्यापैकी कुणीतरी सकाळीच तयार असू दे. तारीख चुकली तर वॉरंट निघतं, रामा, आणि तो पुन्हा आत जातो.