अभिनयाची सबब

खुनाचीं चित्रें आम्हांस आवडत नाहींत, असें आम्ही चारचौघांत नेहमीं सांगत आलों आहों. तरीहि १९७१ सालचें 'टेन रिलिंग्टन प्लेस' हें इंग्रजी चित्र आम्हीं दोन वेळां पाहिलें, आणि सबब एकच दिली : आम्ही पाहतों तें नटांसाठीं. ज्या रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनीं १९७७ सालीं सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मध्यें जनरल औट्रमची भूमिका केली आणि १९८२ सालीं 'गांधी' निर्माण केला, तेच येथें अनेक स्त्रियांचा गळा आवळणारा जॉन क्रिस्टी झाले आहेत. सोबतीला जॉन हर्टसारखा नट. रसिकानें आणखी काय मागावें?

पहिल्या वेळीं ही सबब पुरली. अ‍ॅटनबरोंचा तो कुजबुजता आवाज, चष्म्याआडची स्थिर नजर, चहा विचारतांनाची अदब, यांचें आम्हीं मनसोक्त कौतुक केलें.

दुसऱ्या वेळीं मात्र न्यायालयाचा प्रवेश जड गेला. कारण हकीकत खरी आहे. लंडनच्या नॉटिंग हिल भागांतील त्या घराच्या वरच्या मजल्यावर टिमोथी एव्हन्स हा गाडी हांकणारा, जवळजवळ निरक्षर तरुण बायकोसह राहत असे. १९४९ च्या नोव्हेंबरांत त्याची पत्नी बेरिल आणि तान्ही मुलगी, दोघींचा खून झाला. एव्हन्सनें पोलिसांपुढें जबान्या फिरविल्या. आणि तळमजल्यावरचा क्रिस्टी सरकारपक्षाचा मुख्य साक्षीदार म्हणून उभा राहिला. पहिल्या महायुद्धांतला सैनिक, दुसऱ्यांतला राखीव पोलीस, बोलणें मृदु. त्यानें पूर्वीं तुरुंग पाहिला होता हें उघड होऊनहि ज्यूरीला तोच खरा वाटला. ९ मार्च १९५० रोजीं एव्हन्स फांशीं गेला. तीन वर्षांनीं त्याच घरांत आणखी प्रेतें सांपडलीं, बेरिलला आपणच मारल्याचें क्रिस्टीनें कबूल केलें, आणि जुलै १९५३ मध्यें तोहि त्याच पेंटनव्हिल तुरुंगांत फांशीं गेला. एव्हन्सला माफी मिळाली ती १९६६ सालीं. मेलेल्या माणसास माफी!

त्या बारा जणांनीं तरी आमच्याहून वेगळें काय केलें होतें? पुढें दोन माणसें उभीं होतीं. एकाची भूमिका सुबक वठली, दुसऱ्याची फसली. ज्या आवाजाला आम्हीं दाद दिली, त्याच्या मूळ धन्याला त्यांनीं विश्वास दिला. नुसता अभिनय पाहणारा प्रेक्षक निरुपद्रवी असतो, हा आमचा समज तेथें डळमळला.

मग असें चित्र पाहूंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. अ‍ॅटनबरो फांशीच्या शिक्षेचे विरोधक होते, आणि त्याच कळकळीनें त्यांनीं ही किळसवाणी भूमिका पत्करली. हर्टचें काम तर आम्हांस त्याहूनहि मोठें वाटतें. त्याचा एव्हन्स थापा मारतो, चिडतो, बायकोशीं भांडतो; त्यानें प्रेक्षकाची मर्जी संपादण्याचा यत्किंचितहि प्रयत्न केलेला नाहीं. असा माणूस निरपराधी असूं शकतो, हें मानावयास आम्हांलाहि जड गेलें असतें.

परवां घरच्या मंडळींनीं चित्रांत कोण कोण आहे म्हणून विचारलें, तेव्हां नटनटींचीं नांवें आम्हीं धडाधड सांगितलीं. त्या मुलीचें नांव मात्र शोधावें लागलें. जेराल्डीन. वय तेरा महिने. एव्हन्सला फांशी झाली ती तिच्याच खुनाबद्दल.