वापराचा न्याय

समुद्राच्या पाण्याची परीक्षा त्याच्या उपयोगावरून करावी, असा आपल्याकडील सरकारी मानकांचा दंडक आहे. मिठागरांसाठीं लिटरमागें किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायु हवा, व्यापारी मासेमारीस ४, बंदरास ३. एका पट्ट्याचे अनेक उपयोग असतील तर ज्यास सर्वांत शुद्ध पाणी लागतें तोच प्रमाण धरावयाचा. नियम न्यायाचा दिसतो, आणि बहुतांशीं आहेही.

पण ठाण्याच्या खाडीकडे पाहतां आम्हांस एक शंका येते. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखाने १९६० नंतर वाढले. कोळ्यांचीं जाळीं कित्येक पिढ्यांचीं. पाणी नासून मासळी दुरावली, कोळी नोकरीस लागला, म्हणजे मासेमारी हा उपयोगच उरत नाहीं. मग पाण्यास खालचा वर्ग लावावा काय? चोरानें घर धुऊन न्यावें आणि पंचांनीं ‘घर मुळांतच रिकामें’ असें लिहावें, त्यांतलाच हा प्रकार!

रसायनज्ञाशीं आमचें भांडण नाहीं. त्याची नळी खोटें बोलत नाहीं. आज पाण्यांत काय आहे तें ती सांगते. पूर्वीं येथें कोणती मासळी मिळत असे, तें मात्र ऐरोलीच्या एखाद्या वृद्ध कोळणीसच विचारावें लागतें.