जोडाची खूण

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण तिच्यातले नेमके काय वाचवतो? जुन्या इंग्रजी बनावटीच्या मालमोटारींवर काम करताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहिला. एखाद्या बेडफर्डच्या इंजिनात नवे लायनर बसवले, पाट्यांची तुटलेली पाने बदलली, केबिनचे कुजलेले लाकूड काढले, हौद्याचे फाळकेही नवे केले, तर शेवटी उभी राहते ती गाडी जुनीच की दुसरी? प्रश्न गॅरेजमधला असला तरी त्याची मुळे माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचतात. म्हणूनच तो धर्मग्रामातील कुटुंबांपुढे मांडावासा वाटतो.

बेडफर्ड हे नाव इंग्लंडमध्ये 1931 साली पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात या नावाच्या सुमारे अडीच लाख गाड्या लष्करासाठी तयार झाल्या. पुढे हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाड्याला बेडफर्ड ट्रक बांधले. मद्रासची अशोक मोटर्स 1948 साली ऑस्टिन मोटारींसाठी निघाली. लेलँडशी करार झाल्यावर तेथे ‘कॉमेट’ ट्रक तयार होऊ लागले आणि 1955 साली कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले. ज्यांनी या गाड्या चालवल्या त्यांना त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. लांब नाकाखाली धगधगणारे इंजिन, चाक फिरवताना भरून येणारे खांदे, गिअर बदलताना दोनदा दाबावा लागणारा क्लच! आपण गाडीचे ऐकल्याशिवाय गाडी आपले ऐकत नसे.

आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी सुटे भाग सहजासहजी मिळत नसत. अशा वेळी अंबरनाथच्या कारखान्यांत लेथवर तयार झालेले हात आणि उल्हासनगरच्या बाजारातील खटपट यांचाच आधार असे. उल्हासनगर हे गाव तरी काय? युद्धकाळातील कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित कुटुंबांनी आसरा घेतला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली. सैनिकांच्या बराकींची घरे झाली. मोडलेल्या आयुष्यांची ती मोठीच दुरुस्ती होती. तरीही ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी या गावाची थट्टा चालत आली. सगळ्या गावाला असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. मात्र त्या थट्टेत एक नैतिक भेद दडलेला आहे. मूळ भाग मिळत नाही म्हणून तसाच दुसरा घडवणे हे कौशल्य आहे. त्यावर परक्या कारखान्याचे नाव ठोकून तो मूळचा म्हणून विकणे हे असत्य आहे. लोखंड एकच, पण शब्द खोटा.

हा भेद किती महाग पडतो हे एका प्रसंगात आम्हाला दिसले. बदलापूरच्या बाजूने आलेल्या एका लॉरीच्या चेसिसला मागच्या पाट्याजवळ भेग गेली होती. मालकाचे म्हणणे होते, “लांबी भरा, रंग मारा. पासिंगपुरती बरी दिसली म्हणजे झाले.” मालक दुष्ट नव्हता. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. पण अशा भेगेवर उपाय ठरलेला असतो. आधी गंज घासून भेग कुठवर गेली ते शोधायचे, तिच्या टोकाला भोक पाडून तिला थांबवायचे, मग झाळायचे आणि वरून लोखंडी पट्टी रिव्हेटने बसवायची. त्याला दिवस लागतात, आणि पट्टी जन्मभर दिसत राहते. आम्ही लांबी भरायला नकार दिला. मालक गाडी दुसरीकडे घेऊन गेला. घाटाच्या उतारावर त्या गाडीत कुणा ड्रायव्हरचा आणि क्लीनरचा जीव असणार, हा विचार पुढे बरेच दिवस पाठ सोडीना.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बदलापूरला प्रवासातले दमलेले घोडे बदलत, त्यावरून गावाला नाव पडले, असे लोक सांगतात. घोडा बदलला की दुसरा घोडा येतो हे उघड आहे. परंतु थोडी थोडी करून सगळीच बदललेली वस्तू कोणती म्हणायची? थिसियसच्या जहाजाविषयी तत्त्वज्ञ हाच वाद घालीत, असे प्लूटार्कने नोंदवले आहे. आपल्या सरकारने 2021 साली 50 वर्षांहून जुन्या खासगी वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले; त्यांत चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. कायद्याला एवढे उत्तर पुरते. श्रद्धेला ते पुरत नाही.

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या 22 व्या भागात देहाच्या पुनरुत्थानाचा विचार केला आहे. तेथे ते मूर्ती वितळवून पुन्हा ओतणाऱ्या कारागिराचा दृष्टांत घेतात. त्याच विवेचनात ते म्हणतात की, रक्तसाक्ष्यांच्या देहावरील जखमांच्या खुणा स्वर्गातही दिसाव्यात, कारण त्या त्यांचे वैगुण्य नसून भूषण ठरतील. या विचारामागे शुभवर्तमानाचा आधार आहे. पुनरुत्थित प्रभूने थॉमसला आपले हात आणि कूस दाखवली. मरणावर विजय मिळवलेल्या देहावरूनही खिळ्यांच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या खुणांवरूनच शिष्याने आपल्या प्रभूला ओळखले.

पापनिवेदनाचा संस्कार आपल्याला हेच शिकवतो. पश्चात्ताप म्हणजे गंजावर रंग चढवणे नव्हे. सदसद्विवेकाची तपासणी म्हणजे भेगेचे टोक शोधणे, कबुली म्हणजे ते उघड दाखवणे, आणि प्रायश्चित्त म्हणजे पट्टी बसवण्याचे सावकाश काम. क्षमा मिळाल्यावर माणूस तोच राहतो, आणि तरीही नवा होतो. आपल्या घरांतही किती भेगांवर आपण सणासुदीपुरती लांबी भरतो! जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ लग्नमंडपात शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात, आणि मंडप उतरताच पुन्हा पाठ फिरवतात. ओझे पडले की असे जोड सुटतात, आणि त्या वेळी गाडीत मुले बसलेली असतात.

रंगाला आमचा विरोध नाही. दुरुस्त केलेली लॉरी नव्या रंगात रस्त्यावर उतरते तेव्हा कारागिराला होणारा आनंद आम्ही अनुभवला आहे. एवढेच, की रंगाची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तो दिल्यावरही रिव्हेटची टोके हाताला लागत राहतात. ती लागू द्यावीत. पुढच्या कारागिराला त्यांवरूनच कळते, भार कुठे आला होता आणि तो कुणी सावरला.