पोटात भोक असलेला बडग्या

तान्हा पोळा चार दिवसांवर. नागपूरच्या जागनाथ बुधवारीतल्या एका ओसरीत कामट्या, सुतळी, रद्दी पसरलेली. भाची चित्रकला शिकते, मामा गेली कित्येक वर्षं मोहल्ल्याचा बडग्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीत निघणारा पुतळा, बांधतात. मी चहापुरता टेकलो होतो.

भाची : खड्ड्यांवर करायचं ना? मग ढेरपोट्या ठेकेदार करू. सगळ्यांना लगेच कळतो.

मामा : तो तं दरसालच निघते. वहीत ते दुसरं काय काढून ठेवलं?

भाची : ते असंच. पोटाला कागदच लावायचा नाही, कामट्यांचा नुसता गोल. पोटच खड्डा. लहान पोरं आरपार निघतील. पण लोक हसतील, मामा.

मामा : बडग्यावर हसणार नाही तं का करतील?

भाची : बडग्यावर नाही, माझ्यावर.

काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. एवढी वर्षं हे शहर नकोशा गोष्टी मिरवत नेऊन जाळतं. बांधणाऱ्याच्या मनातली धाकधूक मात्र ओसरीतच राहत असावी.

मामा : ठेकेदार चांगला आहे म्हणून निवडला, का त्याच्यासाठी तुले कोणी बोलणार नाही म्हणून?

भाची : (थोडं थांबून) बोलणार नाही म्हणून. 2010 साली झाबेलिना आणि रॉबिन्सन या दोन मानसशास्त्र संशोधकांनी एक प्रयोग केला होता. स्वतःला सतत टोचणाऱ्यांना आधी स्वतःशी मायेनं बोलायला लावलं, तर त्यांच्या कल्पना जास्त वेगळ्या निघाल्या.

मामा : म्हणजे स्वतःले माफ करा अन् कायबी खपवा? माह्या बापानं वाकडी मान कधी चालवून घेतली नाही.

भाची : मानेला माफी नाहीच. वाकडी झाली तर सोडून पुन्हा बांधायची. पण मान वाकडी झाली म्हणून मीच वाया गेले, असं कशाला?

मामा : पटलं. पण पैसा तुहा नाही, वर्गणीचा आहे. तुही भीती तू पाहून घेशील. त्यांचं का?

भाची : म्हणजे घाबरणंच बरोबर?

मामा : हा हिशोब आहे, भीती नाही. आवाज दोघांचा सारखाच, म्हणून घोळ होते. पोट रिकामं ठेवलं तं वरचं धड तोलंल का, निघताना पोराले कामटी टोचंल का, हे हिशोब विचारते. त्याले बांधून पाहता येते. लोकं का म्हणतील, हे कशावर बांधून पाहशील?

भाची : पण तेच आधी ऐकू येतं.

मामा : मलेही येते. अजून.

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. भाचीलाही नसावं, ती काही बोलली नाही. सुतळीनं कामटीचा गोल बांधला आणि शेजारच्या पोराला हाक मारली. पोट्ट्याचं डोकं गेलं, खांदे अडकले.

"वीतभर वाढव," मामा म्हणाले.

"मग वरचं धड?"

मामांनी नवा बांबू पुढ्यात ओढला आणि चिरायला घेतला.