जुने कोणी ठरवावे?

एखादी वस्तू जुनी झाली असे केव्हा म्हणावयाचे? आमच्या केळापूर तालुक्यातील शेतकऱ्यास हा प्रश्न पूर्वी कधी पडला नसेल. वखराची पास झिजली की ती लोहाराकडे जाते. गाडीचे चाक खिळखिळे झाले की सुतार ते नीट करतो. या वस्तूंचे वार्धक्य त्यांच्या अंगीच आलेले असते व ते मालकाच्या डोळ्यांस दिसते. स्मार्टफोनचे तसे नाही. काच शाबूत, आवाज स्वच्छ, घंटी पूर्ववत वाजते. आणि तरीही एके सकाळी पडद्यावर अक्षरे उमटतात की, या यंत्रावर हे काम यापुढे होणार नाही. यंत्रात काहीच बिघडलेले नसते. दूर कोठे तरी कोणी नवी आवृत्ती काढलेली असते, एवढेच.

२४ ऑक्टोबर २०२३ रोजी व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या ५.० पूर्वीच्या आवृत्त्यांची साथ सोडली. गप्पा बंद पडल्या तर मनुष्य चरफडेल व सोसेल. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सातबाऱ्यावरील पिकाची जी नोंद तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन, पिकाचे छायाचित्र काढून करावी असे ठरले. २०२५ च्या हंगामापासून हमीभावाने सरकारी खरेदीस कापूस द्यावयाचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर नाव नोंदविणे आले. पांढरकवड्याचा बाजार ज्यांच्या कापसावर चालतो, त्यांच्या दृष्टीने फोन ही आता चैनीची वस्तू नव्हे. ती वखराच्या पंक्तीस जाऊन बसली आहे.

मग ती वस्तू कोणाची? पैसे आपण मोजले, पावती आपल्या नावाची. पण तिचे आयुष्य परक्याच्या हाती. हिला मालकी म्हणण्यापेक्षा मक्ता म्हणणे अधिक यथार्थ होईल. फरक असलाच तर हा की, मक्त्याने जमीन करणाऱ्यास आपली मुदत ठाऊक असते.

विज्ञान शिकविणारे आमचे स्नेही यावर म्हणतात, ‘जुन्या आवृत्तीत भोके राहतात, त्यांतून चोर शिरतात, आणि ती बुजवीत बसण्यास खर्च येतो.’ हे आम्हांस मान्य आहे. ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार होतात त्याचे कुलूप कच्चे नसावे. तथापि यावरून एवढेच सिद्ध होते की, कोणताही कारखानदार अनंत काळ सेवा देऊ शकत नाही. ती किती काळ देणार हे विक्रीच्या वेळी न सांगण्याचा अधिकार त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. नव्या आवृत्त्यांनी जुने फोन मंदावले याबद्दल इटलीने २०१८ साली ॲपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला (ॲपलच्या दंडात बॅटरीविषयी माहिती न दिल्याचाही भाग होता). २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या नमुन्यांसाठी, विक्री थांबल्यावरही निदान ५ वर्षे आवृत्त्या मिळत राहाव्यात असा नियम लागू झाला आहे. काही कंपन्या अलीकडे ७ वर्षांचे वचन देतात खरे. पण ते महागड्या फोनांपुरते, आणि महागडा फोन शेतकऱ्याच्या खिशात क्वचितच असतो.

सरकारचे उत्तरदायित्व आम्हांस याहून मोठे वाटते. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, गावोगावी सहायकही नेमले आहेत, हे आम्ही जाणतो. पण आयुष्यभर आपल्या औताने आपली शेती करणाऱ्या माणसाने आपल्याच पिकाची नोंद करण्यास शेजारच्या पोराचा फोन मागावा आणि तो मोकळा होईतो बांधावर तिष्ठत उभे राहावे, यात त्याचे काहीच जात नाही काय?

आमचा स्वतःचा फोन आठ वर्षांचा आहे. परवा तो दुकानात मोडीत देण्यास नेला. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिला, पुसला व परत आमच्या हाती ठेवला. म्हणाला, “सर, फोन तर एकदम चांगला आहे तुमचा. पण घेऊन करू काय जी?”