खरा तपशील, खोटा माणूस



सहीह बुखारीमध्ये एक प्रसंग नमूद आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रमजानच्या जकातीच्या धान्याची राखण आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्यावर सोपविली होती. रात्री एक इसम येऊन धान्य उचलू लागला. पकडला गेल्यावर त्याने गरिबीचे व मुलाबाळांचे गाऱ्हाणे मांडले. दया येऊन त्यांनी त्याला सोडून दिले. सकाळी प्रेषितांनी (स.) सांगितले, की तो खोटे बोलला आहे आणि पुन्हा येईल. दुसऱ्या रात्रीही तसेच घडले. तिसऱ्या रात्री सुटकेच्या मोबदल्यात त्याने आयतुल कुर्सीचे महत्त्व सांगितले. प्रेषितांनी (स.) उलगडा केला: तो लबाड असला तरी ही गोष्ट मात्र खरी बोलला, तो सैतान होता.

लबाडाच्या मुखातही सत्य असू शकते. परंतु त्या एका सत्यामुळे तो माणूस विश्वासार्ह ठरत नाही. हा बोध आज आपल्या घरोघरी उपयोगी आहे.

वसई, नालासोपारा, विरार येथे वीज महावितरणची. तिच्याच नावाने राज्यभर खोटे संदेश पाठविले जातात: मागील बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर बोला. पलीकडचा माणूस आपले नाव, कधी ग्राहक क्रमांकही अचूक सांगतो. मग तो मोबाईलमध्ये एखादे ॲप घ्यायला लावतो, दहा रुपये भरायला सांगतो आणि खाते रिकामे करतो.

वस्तुतः विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्रीच’ हा शब्दच लबाडी उघड करतो. घाई लावणे हे फसविणाऱ्याचे मुख्य शस्त्र आहे.

दिव्य कुरआनने सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आज्ञा दिली आहे, की दुराचारी माणसाने वार्ता आणली तर तिची शहानिशा करावी. अन्यथा अजाणता हानी होऊन पश्चात्ताप करावा लागेल. म्हणून शहानिशा म्हणजे निव्वळ व्यवहारचातुर्य नव्हे, ते आज्ञापालन आहे. ज्या क्रमांकावरून संदेश आला त्यालाच विचारणे ही शहानिशा नव्हे. बिलावर छापलेल्या किंवा १९१२ या क्रमांकावर आपण स्वतः विचारावे, अथवा कार्यालयात जावे. हज, बँक वा पोलिसांच्या नावाने फोन आला तरी नियम हाच. घरातील पैसा ही अमानत आहे; त्यात मुलीचे शिक्षण आहे, आईच्या हजची पुंजी आहे, गरिबांची जकात आहे.

तरीही कोणी फसला, तर त्याची थट्टा करू नका. लाजेपोटी तो गप्प बसतो आणि पैसा हातचा जातो. त्याच घटकेला १९३० वर तक्रार नोंदवायला त्याला मदत करा.

तरुणांनो, थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते परक्याला वापरायला देऊ नका. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. पापकर्मात सहकार्य करण्यास कुरआनने मनाई केली आहे, आणि त्या खात्याचा हिशेब आखिरतमध्येही द्यावयाचा आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना सावध बुद्धी व हलाल उपजीविका प्रदान करो. आमीन.